डेकच्या खालचे घर

आमच्या थोरल्या भगिनींच्या मडगावच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की दूरचित्रवाणीसंचावर एक अमेरिकन कार्यक्रम लावला जातो. 'बिलो डेक' हे त्याचे नाव. धनिकांना आठवडा-आठवडा भाड्याने मिळणाऱ्या विलासनौकांवर जे नोकर-खलाशी राबतात, त्यांच्या आयुष्याचे हे चित्रण. १ जुलै २०१३ रोजी अमेरिकेतील 'ब्राव्हो' वाहिनीवर त्याचा आरंभ झाला. पहिल्या पर्वातील नौका कॅरिबियन समुद्रातील सिंट मार्टेन बेटावर होती. २०१६ साली भूमध्य समुद्रावरील स्वतंत्र मालिका सुरू झाली आणि तेव्हापासून ग्रीस, क्रोएशिया, इटली, फ्रान्स असे किनारे घरबसल्या दिसू लागले.

ताईंना किनाऱ्यांचे कौतुक नाही. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, अशाच एका नौकेवर डेकहँड आहे. हा कार्यक्रम त्याच्या नौकेवरचा नव्हे, तरी आपल्या मुलाचे जग पाहावयास मिळावे म्हणून त्या तो पाहतात, आणि पाहून झोप घालवून बसतात. कारण पडद्यावर दिसते ते असे: पाहुणे गेले की खलाशी किनाऱ्यावर उतरतात, मद्य पितात, भांडतात, प्रेमात पडतात, रडतात, आणि सकाळी कप्तानाची बोलणी खातात. "आमचा बाबूही असाच वागत असेल का रे?" हा त्यांचा प्रश्न. त्यात भर अशी की दोन चवथी तो घरी आलेला नव्हता. गोव्यात माणूस जगाच्या पाठीवर कोठेही असो, चवथीला घरी येतो. ज्याला येणे जमत नाही, त्याची पानावर वाट पाहिली जाते.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त फ्रान्समधील ल्यों शहरी असतात. गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे जाण्यास निघालो तेव्हा ताईंनी जत्रेतल्या खाज्यांचा एक डबा हाती दिला आणि बजावले, "बाबूला भेटा. त्याला सांगा, पुरे झाली ही नोकरी. चवथीला घरी ये." आम्हीही मनाशी एक लहानसे प्रवचन तयार करून ठेवले.

ल्योंहून आगगाडी मार्सेय, तूलाँ करीत पूर्वेकडे वळते. सां राफाएलनंतर एस्तरेलचे तांबडे खडक थेट निळ्या पाण्यात उतरलेले दिसतात. आमच्या सौभाग्यवतींना तो रंग पाहून कोकणातल्या जांभ्याची आठवण झाली. कान शहर मागे टाकून थोड्याच वेळात आंतीब येते. ग्रीकांनी वसविलेले हे गाव. त्यांनी त्यास 'आंतिपोलिस' म्हटले. समुद्राच्या कडेने जुनी तटबंदी, तटाला लागून ग्रिमाल्दींचा वाडा. १९४६ साली पिकासो येथे काही महिने काम करीत होता. आज तेथे त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. खालच्या अंगास व्होबाँ बंदर. चौदाव्या लुईच्या किल्लेबांधणीकाराचे नाव त्यास दिलेले असून, पलीकडच्या टेकाडावर ताऱ्याच्या आकाराचा फोर कारे किल्ला त्यावर पहारा देत उभा आहे.

या बंदरात कोळ्यांच्या होड्यांपासून राजवाड्याएवढ्या नौकांपर्यंत सारे काही नांदते. सर्वांत मोठ्या नौका ज्या धक्क्याला लागतात, त्यास लोक 'अब्जाधीशांचा धक्का' म्हणतात. पन्नास मीटर लांबीच्या नौकेचे आठवड्याचे भाडे लाख युरोंच्या सहज पुढे जाते. इंधन, अन्न, मद्य, बंदरपट्टी यांसाठी भाड्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम वेगळी, तीही आगाऊ. त्याउपर खलाशांना बक्षिशी. कार्यक्रमात प्रत्येक सफरीच्या अखेरीस कप्तान नोटांचे पुडके टेबलावर ठेवतो आणि सर्वांना सारखे वाटतो. ताईंना तेवढे दृश्य आवडते.

भाचा येथे तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात आला. त्या दिवसांत उन्हाळी हंगामासाठी नौकांची डागडुजी चाललेली असते आणि तरुण मुलेमुली सकाळी सातपासून हातात आपली माहितीपत्रके घेऊन धक्क्याधक्क्याने फिरतात. प्रत्येक नौकेपाशी थांबावयाचे, नम्रपणे काम विचारावयाचे, नकार ऐकून पुढे जावयाचे. कोणी एका दिवसाच्या मजुरीवर घेतले तरी नशीब. रात्री राहावयाचे ते खलाशांच्या वसतिगृहात, एका खोलीत सहा-सहा जण. हे ऐकताना आम्हांस मुंबईच्या धोबी तलावावरील गोवेकरांच्या 'कुडी' आठवल्या. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तारवटी म्हणून बोटींवर गेल्या. बोट मिळेपर्यंत ते आपापल्या गावच्या कुडीत पेट्या ठेवून दिवस काढीत. आमच्या घराण्यात समुद्रावर जाणारा हा पहिलाच. पण वाट मात्र गोव्याच्या ओळखीची.

त्याने कळविले होते की चार वाजता पाहुणे यावयाचे आहेत, म्हणून दुपारी फक्त वीस मिनिटे मिळतील. आम्ही फाटकाशी उभे होतो. पांढरा स्वच्छ गणवेश घातलेला, उन्हाने काळवंडलेला मुलगा धावत आला आणि त्या धक्क्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, वाकून आमच्या पाया पडला. नौकेच्या शिडीपर्यंत त्याने आम्हांस नेले. वर नेणे शक्य नव्हते. शिडीच्या पायथ्याशी पादत्राणांची एक टोपली होती. सागवानी डेकवर कोणी वहाणा घालून चढत नाही. "म्हणजे देवळासारखेच की," सौभाग्यवती म्हणाल्या. भाचा हसला. "मामी, देवळात देव तरी एका जागी बसतो."

खाज्याचा डबा त्याने तेथेच उघडला आणि उभ्याउभ्या दोन तुकडे तोंडात टाकले. तेव्हा आमचे लक्ष त्याच्या हातांकडे गेले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. आम्ही विचारले. त्याने सांगितले ते असे: समुद्राचे पाणी वाळले की मिठाचा थर बसतो आणि पॉलिश खातो, म्हणून रोज गोड्या पाण्याने सारी नौका धुवावयाची. धुतल्यावर पाण्याचा एकही डाग राहता कामा नये, म्हणून लगेच कोरडी पुसावयाची. कठड्यांचे सांधे दात घासण्याच्या ब्रशाने, आणि ब्रश जेथे पोहोचत नाही तेथे कान कोरण्याच्या कापसाच्या काडीने. पाहुणे उठण्यापूर्वी हे उरकले पाहिजे. पाहुण्याला नौका धुतलेली दिसावी, धुणारा दिसू नये.

"आणि त्या कार्यक्रमात दाखवितात ती भांडणे?"

"असतात ना, मामा. डेकच्या खाली एका खोलीत दोघे, एकावर एक बिछाने, महिनोन्‌महिने. भांडण नाही होणार? पण त्यांचे चित्रण सुमारे सहा आठवड्यांत संपते, सफरी दोन-तीन दिवसांच्या, आणि पाहुण्यांना सवलतीचे भाडे, कारण त्यांनाही पडद्यावर दिसायचे असते. आमचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. आमच्या पाहुण्यांचे नावसुद्धा मी आईला सांगत नाही. तशी सही करून दिली आहे."

वाचकहो, ताईंच्या काळजीचे मूळ आम्हांस या ठिकाणी उमगले. या धंद्याचे सारे कौशल्य न दिसण्यात आणि न बोलण्यात आहे. मुलगा काहीच सांगत नाही, म्हणून आई पडद्याला विचारते. आणि पडद्याला डाग पुसणारा हात तासभर दाखविणे परवडत नाही, म्हणून तो भांडण दाखवितो.

कार्यक्रमाला केवळ नावे ठेवणे मात्र न्यायाचे होणार नाही. २०१८ साली प्रसारित झालेल्या सहाव्या पर्वात ताहितीच्या समुद्रावरील एक प्रसंग आहे. लहान होडी ओढून नेण्याच्या दोराचा फास एका खलाशाच्या घोट्याला बसला आणि तो डेकवरून पाण्यात खेचला गेला. दोर आणखी ताणता तर पाय, कदाचित प्राणही, गेला असता. जवळ चित्रण करीत असलेल्या छायाचित्रकाराने कॅमेरा टाकला, धाव घेतली आणि दोर मोकळा केला. नौकेवरच्या कामात जिवाला किती धोका असतो, हे त्या दिवशी लाखो घरांना कळले. पाहणाऱ्यानेही वेळ आली की पाहणे थांबवावे लागते, हेही.

कायदा या मंडळींना अगदीच विसरलेला नाही. २००६ साली झालेला सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून, म्हणजे हा कार्यक्रम सुरू झाला त्याच उन्हाळ्यात, अंमलात आला. भाड्याने चालणाऱ्या नौकांवरही खलाशाला चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे, असे त्यात आहे. आम्ही भाच्याला विचारले, "मिळते का?" तो म्हणाला, "वहीत मिळते." मग आमचा चेहरा पाहून त्याने घाईने जोडले, "आमचा बोसन चांगला आहे, मामा. तो झोपायला पाठवतो." बोसन म्हणजे आपल्याकडचा सारंग.

वीस मिनिटे संपली. प्रवचन खिशातच राहिले. त्याने स्वतःच विषय काढला. "आईला सांगा, चवथीला याही वर्षी जमणार नाही. हंगाम संपत नाही. पण घराच्या मागच्या खोलीचे छप्पर यंदा करून घ्या, पैसे पाठवतो." इतके बोलून त्याने डबा काखेत मारला, बूट टोपलीत टाकले आणि अनवाणी वर गेला. क्षणार्धात तो त्या पांढऱ्या भिंतीआड असा नाहीसा झाला की जणू तेथे कोणी नव्हतेच.

संध्याकाळी गावच्या बाजारात आम्ही 'सोका' खाल्ला. हरभऱ्याच्या पिठाचा, भट्टीत भाजलेला पोळा, वर मिरपूड. चव घरचीच वाटली, तरी घास उतरेना. तटाच्या बुरुजावर जाउमे प्लेन्सा या शिल्पकाराने केलेली आठ मीटर उंचीची पांढरी मनुष्याकृती गुडघे जवळ घेऊन समुद्राकडे पाहत बसली आहे. ती सारी अक्षरांची बनलेली असून आतून पोकळ आहे. बंदरातून एक मोठी नौका दिवे लावून बाहेर पडत होती. भाच्याचीच होती की दुसरी, ते एवढ्या दुरून ओळखू आले नाही.

मडगावास परतल्यावर ताईंनी पहिला प्रश्न केला, "सांगितलेस का त्याला?" आम्ही खरे ते सांगितले, की नाही सांगितले. मग हातांच्या भेगा, कापसाची काडी, दोन खाजी, छप्पर, सारे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चवथीच्या पंक्तीत पन्नास पाने वाढून झाल्यावर सर्वांच्या मागून जेवणाऱ्या त्या बाईला त्यातले पुष्कळ न सांगताही कळले असावे.

रात्री नेहमीप्रमाणे कार्यक्रम लागला. दोन सेविका काही कारणावरून तावातावाने भांडत होत्या. त्यांच्या मागे, चित्राच्या अगदी कडेला, एक मुलगा पाठमोरा वाकून कठडा पुसत होता. कॅमेरा त्याच्यावर थांबला नाही. ताईंनी मात्र बोट दाखविले. "तो बघ," त्या म्हणाल्या, "किती नीट पुसतो आहे."