खायदा आणि कायदा

१९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली ही गोष्ट. मराठी घेऊन बी. ए. झालो होतो आणि रेडिओवर निवेदक व्हायचं डोक्यात घेतलं होतं. एका केंद्रावर आवाजाच्या चाचणीला गेलो. वाचायला दिलेल्या उताऱ्यात ‘कायदा’ हा शब्द तीनदा होता. एरवी मी तो नीट म्हणत असे. पण समोर माइक, वर लाल दिवा. घशाला कोरड पडली आणि तिन्ही वेळा तोंडून ‘खायदा’ गेलं.

काचेपलीकडचे गृहस्थ हसले. ‘‘घरी मराठी बोलत नाही वाटतं?’’ म्हणाले. मी नापास झालो.

घरी आमची दखनी. काजीला आम्ही खाजी म्हणतो, कलमला खलम, कबरीला खबर. म्हणजे कबर आणि बातमी आमच्याकडे एकच! उर्दूच्या मास्तरांनी याच ‘ख’पायी लहानपणी छड्या मारल्या होत्या, आता मराठीनंही दारातून परत पाठवलं. शब्द मूळचा अरबी. मराठीनं त्याचा ‘क’ केला, आम्ही ‘ख’ केला. घशाजवळचा मूळ उच्चार दोघांनीही सोडला. पण हे उत्तर तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त लाज वाटली.

ती लाज मी अम्मावर काढली. अम्मा विड्या वळायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. मी तिचा शब्दन् शब्द दुरुस्त करू लागलो. ‘‘खाजी नको, काजी म्हण.’’ थोडे दिवस तिनं ऐकून घेतलं. मग माझ्यापुढे बोलणंच कमी केलं. शेजारणींबरोबर गप्पा रंगलेल्या असत आणि मी दारात आलो की सगळ्यांचे आवाज खाली जात. निवेदक व्हायला निघालेल्या मुलानं आपल्या आईला मुकं केलं होतं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

एकदा भाच्याला मशिदीत सबकाला सोडायला गेलो. मौलवीसाहेब मुलांना मखरज शिकवत होते. कोणतं हर्फ घशातून निघतं, कोणतं दातांशी, कोणतं ओठांवर. ‘काफ’चे दोन प्रकार, एकाला जिभेचं मूळ वर उचलायचं, दुसऱ्याला किंचित पुढे. लहानपणी मीही हे घोकलं होतं. ऐकता ऐकता वाटलं, उच्चार ही खानदानाची गोष्ट नाही, जीभ कुठे टेकवायची एवढीच गोष्ट आहे.

मग मराठीलाही तेच लावलं. ‘ल’ला जीभ दातांमागे, ‘ळ’ला उलटी वळवून टाळूला. ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा. माणसाची ‘जात’ आणि ‘तो जात आहे’ मधलं ‘जात’. कागदावर एकच, कानाला दोन. रोज संध्याकाळी अर्धा तास मोठ्यानं वाचू लागलो.

थांबायचं कुठे, हेही तिथूनच उचललं. कुरआनात ओळींवर बारीक खुणा असतात. मीम असेल तिथे थांबलंच पाहिजे, लाम-अलिफ असेल तिथे थांबायचं नाही, जीम असेल तिथे थांबलं तरी चालतं. मी संहितेवर पेन्सिलीनं तशाच खुणा करू लागलो. दोन तिरप्या रेघा म्हणजे पूर्ण थांबा, एक रेघ म्हणजे श्वास, खालून कमान म्हणजे शब्द तोडायचे नाहीत. ‘आज पाणी येणार नाही, उद्या येईल’ यात ‘नाही’च्या आधी श्वास घेतला, तर अर्धं सोलापूर घागरी घेऊन नळावर जाईल!

दुसऱ्या चाचणीत पास झालो. पुढे हातमागावर दहा मिनिटांचं भाषण मिळालं. अम्मानं ट्रान्झिस्टर सुपाशेजारी ठेवून शेजारणींसह ते ऐकलं. घरी येऊन विचारलं, ‘‘कसं झालं?’’

‘‘बोल्या तो अच्छा,’’ ती म्हणाली, ‘‘मगर किससे बोलरा था रे?’’

रात्री ती संहिता पुन्हा काढली. ‘उपरोक्त’, ‘पुढीलप्रमाणे’, चार-चार ओळींची वाक्यं, दशांश चिन्हासकट टक्के. वाचणारा पान उलटून मागे जाऊ शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. उच्चार सुधारले होते, पण बोलत मी त्या काचेपलीकडच्या गृहस्थांशीच होतो.

त्यानंतर लिहिणं बदललं. एका वाक्यात एकच गोष्ट. ‘४९.७ टक्के’ऐवजी ‘जवळजवळ निम्मे’. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरून मजकूर बेतायचा. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, पानाशेवटी वाक्य तोडायचं नाही, टाचणी लावायची नाही; पान अलगद सरकवलं की माइकमध्ये सळसळ जात नाही. आणि जाण्याआधी अम्माला वाचून दाखवायचं. विडी वळताना जिथे तिचे हात थांबत, तिथे वाक्य अडकलेलं असे. ती माझी वाक्यं दुरुस्त करू लागली, तेव्हा घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

अमीन सायानींचंही असंच काहीसं, हे नंतर कळलं. त्यांच्या आई कुलसुम सायानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ पाक्षिक काढत. भाषा एकच सोपी हिंदुस्तानी, लिप्या तीन: नागरी, उर्दू, गुजराती. मुलगा त्या कामात हात लावी. हिंदी निवेदनाच्या चाचणीत उच्चारांवर गुजराती-इंग्रजीची छाया आहे म्हणून तोही आधी नाकारला गेला होता. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि तोच आवाज घराघरात पोचला. २०२४ साली ते गेले, तेव्हा मला त्यांच्या आधी त्या आईची आठवण झाली.

आता मोहल्ल्यातली मुलं मोबाइलवरच बोलणं ध्वनिमुद्रित करतात आणि उच्चार तपासायला माझ्याकडे येतात. मी त्यांना ‘कायदा’ म्हणायला शिकवतो. माइकपुढे तो तसाच म्हटला पाहिजे, त्यात सूट नाही. पण घरी जाऊन आईला दुरुस्त करू नका, एवढं बजावतो.

अम्मा आता नाही. संहिता लिहून झाली की अजून मोठ्यानं वाचतो. एखाद्या वाक्याशी वाटतं, इथे तिचे हात थांबले असते. मग ते वाक्य पुन्हा लिहितो.