हात धरू द्या

माणूस पडायला आला आहे, हे घरच्यांच्या आधी त्याच्या मित्राला कळतं. पेण-रोह्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करताना हे मला पुन्हा पुन्हा दिसतं. मुलं सकाळच्या गाडीने कामाला जातात. संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठी सोबत फिरतो तो शाळेपासूनचा मित्र. काही विचारलं की उत्तर द्यायला म्हातारा जागीच थांबतो, हे त्या मित्राच्याच लक्षात येतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. बोलताना ज्या वृद्धांचं चालणं थांबत होतं, त्यांतले बहुतेक पुढच्या सहा महिन्यांत पडले.

शंका आली तर घरीच पाहा. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवा आणि जाताना गोळ्यांची पिशवी न्या. झोपेची गोळी, रक्तदाबाची गोळी, रात्री लघवीला उठणं हे सगळं एकत्र आलं की धोका वाढतो. उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगा.

चालताना मात्र त्याचा हात धरून पुढे ओढू नका. त्यानेच तोल जातो. त्याच्या अशक्त बाजूला, किंचित मागे राहा आणि त्याला तुमचा हात धरू द्या. काठी दुसऱ्या, म्हणजे धड पायाच्या बाजूच्या हातात हवी. बरेच जण ती दुखऱ्या बाजूला धरतात. हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाशी यावी. खालचं रबरी बूच झिजलं की लगेच बदला.

आपल्याकडचा पाऊस हा वेगळाच वैरी. ओट्याच्या पायरीवर शेवाळ, मागच्या दारी न्हाणी, वर उंच उंबरठा. पेण-हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत तर ओल्या शाडूने फरशीही निसरडी होते. पायरी घासून घेणं, न्हाणीत भिंतीला पक्की दांडी बसवणं, रात्री वाटेत दिवा ठेवणं ही कामं मित्राने एका रविवारी उरकावीत. मुलाने सांगितलं तर म्हातारा रागावतो. मित्राने "अरे, ही गुळगुळीत स्लीपर टाकून दे" म्हटलं तर ऐकतो.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "आता घरातच बस". बसून मांड्यांची ताकद जाते आणि पडणं आणखी जवळ येतं. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ओटॅगो पद्धतीत पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम घरीच करतात. त्याने पडणं कमी होतं, हे सिद्ध झालं आहे. ओट्याचा कठडा धरून टाचा उचलणं, खुर्चीतून उठ-बस करणं. मित्राने सोबत केलं तर ते रोज होतं. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी पाहायची असेल तर जरूर न्या. गर्दीच्या कडेला, भिंतीजवळ, खुर्ची मिळेल अशा जागी उभं राहा.

आणि तरीही पडला तर लगेच उचलू नका. जांघेत दुखत असेल, पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका. १०८ ला फोन करा. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा. काहीच दुखत नसेल, तर खुर्ची जवळ आणा. त्याला कुशीवर, मग गुडघ्यांवर येऊ द्या आणि खुर्चीला धरून सावकाश उठू द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चप्पल घालून त्याच्या दारात हजर राहा, कारण भीती पहिल्या आठवड्यातच घर करते. नदीपर्यंत नको, फाटकापर्यंत चाला.