मंडळी आणि कलीसिया

भिलाईच्या पोलाद-कारखान्याची वसाहत मागे पडली की थोड्याच अंतरावर उतई लागते. दुर्ग जिल्ह्यातील हे गाव. भोवती धानाची शेते, जवळच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र, घरात छत्तीसगढी आणि बाजारात व शाळेत हिंदी. मराठी ही येथली घरची भाषा नव्हे, पण ती अगदी परकीही नव्हे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलुखावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून होता. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले, तरी १९५६ पर्यंत या भागाचा कारभार नागपूरच्याच राजधानीतून चालत होता. पुढे भिलाईला कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी होते, मल्याळी, तमिळ, तेलुगू आणि ओडिया होते. आणि या प्रत्येक भाषेबरोबर तिची ख्रिस्ती परिभाषाही आली.

अशा ठिकाणी एक साधा शब्द अडतो. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मनुष्य ज्या उपासक-समुदायाचा घटक असतो त्याला तो 'मंडळी' म्हणतो. मंडळीचा पाळक, मंडळीचे वडील, मंडळीची वर्गणी हे शब्द त्याला लहानपणापासून सवयीचे. पण उतईत 'मंडली' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात येते ती मानस मंडली : संध्याकाळी पेटी, ढोलक आणि झांजा घेऊन रामचरितमानस गायला बसणारी गावकरी माणसे. छत्तीसगढच्या खेड्यांत अशा मंडल्या जागोजागी आहेत. हिंदी ख्रिस्ती उपासनेत त्याच ठिकाणी 'कलीसिया' हा शब्द येतो. हिंदीतही 'मंडली' म्हणणारे काही ख्रिस्ती गट आहेत, पण हिंदी बायबलच्या प्रचलित भाषांतराने रुळवलेला शब्द कलीसिया हाच. तेव्हा मराठी मनुष्य 'ळ'चा 'ल' करून मोकळा होऊ शकत नाही. त्याला शब्दच बदलावा लागतो. वरवर पाहता ही क्षुल्लक देवघेव आहे. एका नाण्याऐवजी दुसरे नाणे, किंमत तीच. प्रत्यक्षात मात्र किंमत तीच राहत नाही.

कलीसियाचे मूळ ग्रीक 'एक्लेसिया'त आहे, आणि 'एक्लेसिया' हा आरंभी धर्माचा शब्द नव्हताच. अथेन्सच्या नागरिकांची जी सभा राज्यकारभाराचे निर्णय घेई, तिचे हे नाव. 'एक' म्हणजे बाहेर आणि 'कालेइन' म्हणजे बोलावणे; घराघरांतून हाक देऊन बोलावलेल्यांची ती सभा. (बोलावणे अर्थात सर्वांना नसे, स्त्रिया, गुलाम आणि परदेशी लोक त्या सभेच्या बाहेरच राहत.) हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी इस्राएलाच्या समुदायवाचक 'काहाल' या शब्दासाठी पुष्कळ ठिकाणी एक्लेसिया योजला आणि तेथून तो नव्या करारात उतरला. तेथेही त्याचे जुने लौकिक रूप पुसले गेलेले नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसच्या नाट्यगृहात जमून आरडाओरडा करणारा जो जमाव आहे, त्यालाही हाच शब्द लावलेला आहे. चार शुभवर्तमानांपैकी तो केवळ मत्तयाच्या शुभवर्तमानात येतो, आणि तेथेही सोळाव्या व अठराव्या अशा दोनच अध्यायांत. ज्या शब्दावर पुढे एवढे मोठे धर्मकारण उभे राहिले, तो येशूच्या तोंडी इतक्या मोजक्या वेळा यावा ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या शब्दाच्या वंशजांनी भारतात दोन वाटांनी प्रवेश केला. समुद्रमार्गे पोर्तुगीजांची 'इग्रेजा' आली; कोकणीत तिची 'इगर्ज' झाली आणि बंगाली-हिंदीत 'गिरजा'. खुष्कीच्या मार्गाने फारसीतला 'कलीसा' आला, त्याच्याच गोतातला उर्दू-हिंदीचा 'कलीसिया'. म्हणजे गिरजा आणि कलीसिया ही सख्खी भावंडे. फक्त एक लिस्बनकडून आले आणि दुसरे इराणकडून, त्यामुळे एकमेकांना ओळखत नाहीत. हिंदीने त्यांची वाटणीही करून टाकली : गिरजा ही इमारत आणि कलीसिया ही माणसे. गिरजाघराच्या नावात एखाद्या भाविकाला गिरिजा दिसली तर त्याला दोष देता येणार नाही. इंग्रजीतले 'चर्च' मात्र या कुळातले नव्हे. ते 'किरिआकोन' या दुसऱ्याच ग्रीक शब्दापासून निघालेले, आणि त्याचा अर्थ 'प्रभूचे', म्हणजे प्रभूच्या मालकीचे घर. एका शब्दाच्या मुळाशी हाक आहे, दुसऱ्याच्या मुळाशी मालकी.

हा फरक केवळ कोशकारांचा नाही, हे सोळाव्या शतकातील इंग्लंडने अनुभवले. विल्यम टिंडेलने १५२६ मध्ये छापलेल्या नव्या कराराच्या इंग्रजी भाषांतरात 'चर्च' टाळून 'काँग्रिगेशन', म्हणजे जमलेली मंडळी, असा शब्द घातला. टॉमस मोरने त्यावर कडाडून हल्ला चढविला. कारण उघड होते. 'चर्च' म्हटले की धर्मगुरू, अधिकार, न्यायालये, मालमत्ता हे सारे त्यात येते. 'काँग्रिगेशन' म्हटले की जमलेली माणसे तेवढी उरतात. पुढे १६११च्या राजमान्य भाषांतराच्या वेळी भाषांतरकारांना जे नियम घालून देण्यात आले, त्यांत जुने धर्मशब्द तसेच ठेवावे आणि 'चर्च'च्या जागी 'काँग्रिगेशन' घालू नये, असे नाव घेऊन बजावलेले आहे.

भारतीय भाषांतरकारांवर असा नियम कोणी घातला नाही, किंवा घातला असला तरी तो पाळला गेला नाही. येथल्या भाषांच्या बायबलांत डोकावले तर एक मनोरंजक नकाशा तयार होतो. बंगाली, असमिया, ओडिया, गुजराती आणि मराठी या भाषांत मंडळी, तमिळ, मल्याळम व कन्नड यांत सभा, तेलुगूत संघ, उर्दू, हिंदी व पंजाबीत कलीसिया. पहिल्या पाचही भाषांत नव्या कराराची छपाई एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात झाली होती. मराठी नवा करार तेथून १८११ मध्ये निघाला. विल्यम कॅरीला मराठीत साहाय्य होते वैजनाथ पंडितांचे, आणि श्रीरामपूरच्या मराठीवर नागपुरी बोलीची छाप असल्याचे अभ्यासक सांगतात. तेव्हा हा शब्द एकाच कार्यशाळेतून चहूकडे पसरला असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. कारण त्याच छापखान्यातून हिंदी, तेलुगू आणि कन्नड पुस्तकेही निघाली आणि त्या भाषा निराळ्या वाटेने गेल्या. छापखाना शब्द देऊ शकतो, तो जगवू शकत नाही. तो जगतो तो भाषेत आधीपासून त्याला घर असेल तर.

मराठीत 'मंडळी'ला असे घर होते, आणि ते भलतेच गजबजलेले होते. संस्कृत मंडल म्हणजे वर्तुळ. मंडळी म्हणजे वर्तुळ करून बसलेली माणसे. पण मराठीत तिने वर्तुळाची आखणी केव्हाच सोडून दिली. पाहुणेमंडळी, वारकरी मंडळी, मुलाकडची मंडळी, नाटक मंडळी, अमुक आणि मंडळी अशी दुकानाची पाटी. आणि कीर्तनकार वा शाहीर श्रोत्यांना हाक मारतो तोही 'मंडळी' अशीच. व्याकरणाने ती स्त्रीलिंगी एकवचनी, अर्थाने मात्र अनेक : मंडळी जमली, मंडळी जेवली. तिच्यात कोणी अध्यक्ष नसतो. जुन्या वळणाच्या बोलण्यात तर 'मंडळी' म्हणजे बायको. एखाद्या गृहस्थाची 'मंडळी माहेरी गेली आहे' असे सांगितले की ऐकणाऱ्याला कोण ते समजे. नव्या करारात ख्रिस्तसमुदायाला ख्रिस्ताची वधू म्हटलेले आहे. भाषांतरकारांच्या मनात हा योग असेल असे वाटत नाही, पण मराठीने तो आपण होऊन जुळवून दिला. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात खडकावर जे उभारायचे आहे, त्यासाठी मराठी बायबलात क्रियापद आहे 'रचणे'. इमारत बांधतात, भिंत रचतात, आणि ओवीही रचतात. मंडळी बांधता येत नाही, हे भाषांतरकाराच्या कानाने नेमके ओळखले.

वसईच्या कॅथलिकांनी 'ख्रिस्तसभा' हा शब्द स्वीकारला. तो भारदस्त आहे, सार्वत्रिक धर्मसंस्थेचे भान त्यात आहे. पण जेवणाच्या पंगतीला त्याने हाक मारता येत नाही. 'मंडळी'ने मारता येते, आणि एकोणिसाव्या शतकात नेमका तोच प्रश्न होता : पंगतीत कोण बसणार?

तो प्रश्न पहिल्यांदा एका मंडळीनेच विचारला, आणि ती ख्रिस्ती नव्हती. मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी १८४९च्या सुमारास जी गुप्त सभा चालविली, तिचे नाव परमहंस मंडळी. जातिभेद मानणार नाही असे तिच्या सभासदाने नुसते बोलून भागत नसे. ख्रिस्त्याच्या हातचा पाव खाऊन ते दाखवावे लागे. दाराआड. १८६० मध्ये सभासदांची यादी फुटली आणि ती मंडळी विखुरली. नावे उघड झाल्यावर पंगत टिकली नाही. तिच्यातल्या बाबा पदमनजींनी मात्र त्याआधीच, १८५४ मध्ये, बेळगावी उघडपणे बाप्तिस्मा घेतला होता. एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत, असे हे स्थलांतर. पहिल्या मंडळीत घर सांभाळून राहता येत होते. दुसरीत जायचे तर घर गमवावे लागे.

याची सर्वांत बोलकी साक्ष याच छत्तीसगढच्या वाटेवर सापडते. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. तोच लोहमार्ग पुढे दुर्ग-भिलाईवरून जातो. राजनांदगाव दुर्गपासून सुमारे ३० किलोमीटर. गाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याशी त्यांचे बोलणे निघाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १८९५च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळक मंडळीत आले आणि त्यांची मंडळी मागे राहिली. शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिल्याचे असे उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच असेल. लक्ष्मीबाई पुढे परतल्या, पण बाप्तिस्म्यापर्यंत यायला त्यांना १९०० साल उजाडले. मधली वर्षे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये सांगितली आहेत; सोवळेओवळे, विटाळ, दुसऱ्याच्या हातचे पाणी हे सारे एकेक करून कसे गळाले, ते त्या हसत सांगतात. त्या हसण्याखाली किती मोडतोड आहे ते वाचणाऱ्याला कळते.

आणि इतके सोसून ज्या मंडळीत ते आले, ती तरी शब्दाला जागली काय? अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजात बहुतेक माणसे महार-मांग समाजांतून आलेली होती, त्यांच्यावर देखरेख परदेशी मिशनऱ्यांची होती आणि निधी समुद्रापलीकडून येत होता. छत्तीसगढातही चित्र फार निराळे नव्हते. १८६८ मध्ये ऑस्कर लोरने बिश्रामपूरला मिशन स्थापले, तेव्हा त्याच्याकडे आले ते प्रामुख्याने सतनामी. बिरादरीतून बाहेर पडून ते मिशनच्या मालगुजारी गावात राहिले. दोन्हीकडे 'हाक' होती, पण मालकीही होती. मंडळी हे नाव टिंडेलचे आणि व्यवहार पुष्कळसा त्याच्या विरोधकांचा, असे म्हटले तर ते कठोर होईल, खोटे होणार नाही.

टिळकांना हे खुपत राहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य बसू शकत. त्यांनी नाव बदलले याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. शब्दांच्या बाबतीत हा कवी निष्काळजी नव्हता. 'मंडळी' हा त्यांचा रोजचा, मायेचा शब्द. तो त्यांनी या नव्या घराला दिला नाही, कारण त्याच्याभोवती एव्हाना सभासदांची नोंदवही आली होती. दरबारात मात्र मध्ये राजा असतो आणि फिर्याद घेऊन कोणीही आत शिरू शकतो, निदान मराठी कल्पनेतल्या दरबारात. तरीही हा बदल निर्दोष म्हणता येत नाही. दरबारात माणसे राजासमोर उभी असतात, एकमेकांसमोर बसलेली नसतात. मंडळीतले वर्तुळ त्यात हरवते; आणि वर्तुळ हेच तर त्या शब्दाचे धन होते.

दरबाराला वेळही मिळाला नाही. १९१९च्या मे महिन्यात टिळक वारले आणि त्यांच्यामागे तो फार काळ तगला नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्यही अपुरे राहिले होते. त्याचे उरलेले अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.