अकरा मिनिटांचे माहेर

सहावीच्या वर्गात अंतर, वेग आणि वेळ शिकवत होते. एका मुलाने विचारले, "मॅडम, जळगावहून धुळ्याला विमानाने किती वेळ लागेल?"

म्हटले, चला, गणितच करू. जळगावचा विमानतळ कुसुंब्याला, धुळ्याची धावपट्टी गोंदूरला. सरळ रेषेत अंतर सुमारे ९० किलोमीटर. पंख्यांचे प्रवासी विमान ताशी साधारण ५०० किलोमीटर जाते. उत्तर आले, जेमतेम ११ मिनिटे! मुले खूश झाली. मी मात्र फळ्याकडे बघत राहिले. धुळे माझे माहेर आहे.

ही ११ मिनिटे फळ्यावरचीच. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. 'उडान' योजनेत २०१७ च्या अखेरीस तिथून मुंबईचे विमान उडाले. गोंदूरहून मात्र नियमित प्रवासी विमान नाही. असते तरी आधी कुसुंबा गाठा, तासभर अगोदर हजर राहा, उतरल्यावर गोंदूरहून रिक्षा शोधा. तेवढ्यात एस.टी. पारोळ्याच्या पुढे गेलेली असते. रेल्वेने जायचे तर चाळीसगावला गाडी बदलून जवळपास १५० किलोमीटरचा वळसा. सुरतेची लाईन अमळनेरवरून धुळे शहर बाजूला ठेवूनच जाते. म्हणून आपली एस.टी. बरी. बांभोरीला गिरणेचा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. दोन-अडीच तास.

या रस्त्याचे आणखी एक माप आहे. हनफी मसलकाप्रमाणे सुमारे ७८ किलोमीटर किंवा त्याहून लांब जाणारा आणि तिथे १५ दिवसांहून कमी राहणारा माणूस मुसाफिर ठरतो. जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज तो दोन पढतो. फजर आणि मगरिब तशाच राहतात. पूर्वी हे अंतर तीन दिवसांच्या वाटचालीचे होते. आज कोणी ते ११ मिनिटांत उडून गेला तरी सवलत कायम असते, कारण हिशेब अंतराचा आहे, वेळेचा नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा जोहरच्या चार फर्जांची नियत बांधणार, तोच अब्बा हळूच म्हणाले, "बेटा, आता तुला दोनच." सासरी कायमची राहायला गेलेली मुलगी इतक्या अंतरावरच्या माहेरी चार दिवसांसाठी आली तर ती मुसाफिर. मसला मला माहीत होता. तरी ज्या अंगणात मी नमाज शिकले, तिथे मी पाहुणी झाले, हे त्या दिवशी उमगले. सलाम फेरल्यावर अम्मीने काही न बोलता ताट वाढले.

आता अब्बा नाहीत. अम्मीला जिना चढवत नाही. फोनवर ती किती किलोमीटर किंवा किती तास हे विचारत नाही. एवढेच विचारते, "कधी निघतेस?" आणि मी सांगत असते, परीक्षा झाल्या की, पेपर तपासून झाले की.

गेल्या खेपेला गेले त्याला चार महिने झाले. रस्ता अडीच तासांचाच होता. बाकीचे अंतर मी वाढवले होते. सिला-रहमी, म्हणजे नाती जोडून ठेवणे, मी मुलांना पुस्तकातून शिकवते. तो धडा आधी मलाच हवा होता.

माझ्या बहिणींनो, तुमचेही माहेर एका एस.टी.च्या अंतरावर असेल तर विमानाची वाट पाहू नका. या रविवारी सकाळच्या गाडीने मी निघते आहे. जोहर अम्मीच्या घरी पढेन, इन्शाअल्लाह. दोन रकात.