आईच्या हाताचं प्लास्टर

प्लास्टर कधी निघणार, हा प्रश्न आमच्या घरात रोज उठतो. शेजारच्या काकू म्हणतात, तीन आठवडे पुरे. मामा म्हणतो, दोन महिने हात लावूच नका. दोघंही मायेनंच बोलतात, पण हाड कुठलं मोडलंय हे कुणी विचारत नाही.

आईचं रेडियस मोडलंय, मनगटाच्या अगदी जवळ. तोल गेला की माणूस हात टेकतो आणि सगळा भार नेमका तिथं येतो. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या फ्रॅक्चरचं वर्णन केलं. आजही ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्याला साधारण ५ ते ६ आठवडे लागतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड मोडलं तर मात्र ८ ते १२ आठवडे, कधी त्याहूनही जास्त, कारण त्या इवल्याशा हाडाचा रक्तपुरवठाच तोकडा. पहिल्या एक्स-रेत ती चीर कधी कधी दिसतही नाही.

मला जास्त काळजी बोटांची. पहिल्या दिवशी ती सुजून चकाकत होती. अंगठी साबण लावून कशीबशी काढली. आता आई टीव्हीपुढे बसून मूठ उघडते, मिटते, खांदा फिरवते. हे फार महत्त्वाचं आहे. न हलवलेला सांधा आखडतो आणि तो मोकळा करायला कित्येकदा हाड जुळण्यापेक्षा जास्त दिवस जातात.

तेव्हा प्लास्टर काढायची तारीख शेजाऱ्यांकडून घेऊ नका, एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्या. आणि बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.