नावांची पानं

रोज तीन अध्याय, रविवारी पाच. आमच्या घरातला हा नेम माझ्या जन्माच्या आधीचा. बायबलात १,१८९ अध्याय आहेत आणि या चालीने वर्षभरात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पोचता येतं. जानेवारी मजेत जातो: नोहाचं तारू, योसेफाचा झगा, तांबडा समुद्र. फेब्रुवारीत लेवीय आणि गणना लागतात आणि भल्याभल्यांचा नेम तिथे मोडतो.

आमचा मोडत नसे, कारण आजी. रात्री जेवणं उरकली की ती चष्मा लावून बसायची आणि आम्ही पोरं आळीपाळीने वाचायचो. अमक्याचा मुलगा तमका, त्याच्या वंशात इतके, अशी गणनेत पानंच्या पानं आहेत. मी दोन-तीन नावं गाळली की आजीचं बोट पुस्तकावर यायचं. "माघारी जा. ते बी वाच." आवडीची वचनं तेवढी निवडून वाचणाऱ्यांबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. माझंही नाही. पटतं तेवढंच वाचायचं तर पुस्तक कशाला उघडायचं?

त्या नावांत तिला एवढं काय सापडतं, हे मला कॉलेजात गेल्यावर थोडंफार उमगलं. गावात पाटलांची वंशावळ होती. त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या चोपड्यांत कित्येक घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. आम्हा महारवाड्यातल्यांना तिथे कोण विचारणार? अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं. आमचं घर ख्रिस्ती झालं ते पुष्कळ नंतर. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत पणजोबांचं नाव आहे, तिथून आमचा लेखी इतिहास सुरू होतो. त्यामागे कोण, कुणालाच ठाऊक नाही. गुलामगिरीतून निघालेल्या माणसांची नावं देवाच्या पुस्तकात एकेक करून लिहिलेली आहेत, हे आजीला कंटाळवाणं वाटणं शक्यच नव्हतं.

एज्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र ती दरवर्षी अडायची. बाबेलहून परतलेल्या काही याजकांची नावं वंशावळीत सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपणातून वगळलं, असं तिथे आहे. "कागुद नाही म्हणून मानूस नाही व्हय?" एवढं बोलून ती पुढच्या वचनाची खूण करायची.

गणनेतल्या दोन्ही शिरगणत्यांत वीस वर्षांवरचे पुरुष मोजलेत. पहिल्या खेपेला ६,०३,५५०. रानातल्या चाळीस वर्षांनंतर ६,०१,७३०. पहिल्या यादीतले कालेब आणि यहोशवा सोडून सगळे मेलेले, तरी बेरीज जवळपास तीच. आणि दुसऱ्या यादीत, सव्विसाव्या अध्यायात, पुरुषांच्या गर्दीत पाच बहिणी दिसतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप सलाफहाद मुलगा नसताना वारलेला. पुढच्याच अध्यायात या पोरी मोशेपुढे उभ्या राहून जमिनीत वाटा मागतात आणि देव मोशेला सांगतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात काम करणाऱ्या बायका मुक्तीतल्याच. दुष्काळाने, वैधव्याने घर तुटलेल्या कितीतरी तिथे होत्या. ही पाच नावंही त्यांच्यापैकी कुणीतरी खिळा खिळा लावून जुळवली असणार. त्या बाईला स्वतःच्या बापाच्या जमिनीतलं काय मिळालं होतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आजी गेली आणि सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ आली. आम्हाला लागू असलेला वारसा कायदा १९२५ चा, मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा. पण रीत अशी, की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची आणि माहेर राखायचं. आत्याने सही केली नाही. तलाठ्यासमोर तिने शास्त्र काढलं नाही. माझं नाव लावा, एवढंच म्हणाली. वडील बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नाव लागलं.

आता आत्या पुण्यात माझ्याकडे असते. तिला दिसत नाही, म्हणून मी वाचते. परवा गणना संपलं, तेही याच बहिणींवर. छत्तिसाव्या अध्यायात भाऊबंद तक्रार घेऊन येतात: या दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीन बाहेर जाईल. मग ठरतं, लग्न आपल्याच वंशात करायचं, आणि त्या चुलतभावांशी लग्नं करतात. यावर कुणा पाळकांनी उपदेश केल्याचं मला आठवत नाही.

"म्हंजे शेवटी भावकीचंच चाललं," आत्या म्हणाली.

"पण जमीन राहिली की त्यांच्याकडे."

"राहिली का नाही, ते यहोशवात हाय. काढ."

यहोशवाच्या सतराव्या अध्यायात वाटप चालू असताना त्या पाचजणी पुन्हा येऊन उभ्या राहतात आणि वाटा घेतात. पण मध्ये अनुवाद या पुस्तकाचे चौतीस आणि यहोशवाचे सोळा अध्याय होते, म्हणजे पंधरा-सोळा दिवस. मी तसं सांगितलं.

"मग आज सहा वाच," आत्या म्हणाली.