मोत्याचं काय करायचं?

"ताई, वेळ आली की तुम्हाला कळेल. तो स्वतःच सांगेल." सकाळी कॉम्प्लेक्समध्ये कुत्री फिरवायला येणाऱ्यांनी मला हे ऐकवलं, औषधाच्या दुकानातल्या मुलाने ऐकवलं, आणि ज्यांचं कुत्रं गेलेलं होतं त्यांनी तर डोळ्यांत पाणी आणून ऐकवलं. मी मोत्याच्या डोळ्यांकडे बघत वाट पाहत राहिले. मला काही कळलं नाही. हे आधीच लिहून टाकते. कुणाला माझ्यासारखंच काही कळत नसेल, तर आपल्या मायेतच काही उणं आहे असं त्यांना वाटू नये.

मोत्या खरं तर बाबांचा. चिपळूणजवळ आमचं गाव. आई गेल्यावर बाबा तिथे एकटेच राहायचे, आणि एक कान फाटलेला हा तांबूस गावठी कुत्रा कायम त्यांच्या पायाशी. बाबा गेले आणि घराला कुलूप लागलं. दादा रत्नागिरीला भाड्याच्या जागेत राहतो, तिथे घरमालकाला कुत्रा चालत नाही. म्हणून मोत्या आमच्याकडे बोरिवलीला, दुसऱ्या मजल्यावर आला. तेव्हाच त्याचं वय अकरा-बारा असेल. मी आयुष्यात कुत्रं पाळलेलं नव्हतं. पट्टा किती घट्ट बांधायचा, त्याच्या कुठल्या आवाजाचा काय अर्थ, काहीच ठाऊक नव्हतं. त्याने मात्र बाबांची घोंगडी हुंगली, तिच्यावर अंग टाकलं आणि घर आपलं मानलं.

दुखणं पाण्यापासून सुरू झालं. भांडंभर पाणी एका दमात संपवायचा आणि रात्रीतून उठून दाराशी उभा राहायचा. कधी कधी दाराशी पोचायच्या आतच लादी ओली व्हायची. डॉक्टर मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं. क्रिएटिनिन ३.६ आलं. मॅडमनी समजावलं ते मी वहीत उतरवून घेतलं. मूत्रपिंडांचं साधारण तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत हा आकडा वाढलेला दिसतच नाही. म्हणजे कागदावर आजार उमटतो तेव्हा उरलेल्या पाव भागावर सगळा कारभार चाललेला असतो. २.९ ते ५ हा तिसरा टप्पा, पाचच्या वर चौथा. गेलेलं परत येत नाही. उरलेल्यावरचा भार हलका करायचा, एवढंच हातात.

तो भार हलका करायचा म्हणजे घरी सलाईन द्यायचं, तेही शिरेतून नव्हे, कातडीखाली. सलाईनची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, मग खिडकीच्या ग्रिलला टांगायची. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलली की खाली पोकळी होते, तिच्यात सुई सरकवायची. पहिल्या वेळी माझा हात इतका थरथरत होता की ह्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. पाणी आत जायला लागलं की पाठीवर उशीसारखा फुगवटा यायचा. तो हळूहळू एका बाजूला घसरत पुढच्या पायाच्या वर उतरायचा आणि काही तासांत अंगात जिरून जायचा. सुई काढली की तिथले केस ओलसर व्हायचे. तिथे बोट दाबून धरायचं. मोत्या तेवढा वेळ गुमान बसायचा आणि झालं की उभा राहून कानापासून शेपटीपर्यंत अंग झटकायचा. ते झटकणं पाहिलं की मी स्वयंपाकाला लागायची.

असे बरेच महिने गेले, आणि चांगले गेले. मग एकेक गोष्ट सुटत गेली. तोंडाला उग्र, मुतारीसारखा वास येऊ लागला. जिभेच्या कडेला फोड आले. हिरड्या पांढुरक्या पडल्या. रक्त तयार करायचा निरोप देणारं संप्रेरक मूत्रपिंडातच बनतं, ते कमी पडलं की रक्तही कमी होतं, असं मॅडम म्हणाल्या. पहाटे पिवळा फेस ओकायचा. पथ्याचं अन्न त्याने केव्हाच नाकारलं होतं. एका दुपारी मी पथ्य बाजूला ठेवून बांगड्याचं डोकं भातात कुस्करून दिलं. गावी असताना बाबांच्या ताटातल्या बांगड्यासाठी तो पडवीभर नाचायचा. त्याने वास घेतला, जीभ एकदा लावली आणि हनुवटी जमिनीला टेकली.

त्या रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आपल्याकडे कुणी असं इंजेक्शन देऊन मारतं का? म्हातारं कुत्रं आपसूक कुठेतरी आडोशाला जाऊन पडतं. काळू आठवतो ना?" आठवला. काळू एका पावसाळ्यात मांगराच्या मागे जाऊन बसला आणि तिथेच गेला. दादाचं म्हणणं खोटं नव्हतं, पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्यावर विचार करत बसले. काळूला दार उघडं होतं. त्याला अन्न नको झालं तेव्हा कुणी तोंड उघडून पेज घातली नाही, अंगातलं पाणी सरलं तेव्हा कुणी सुई टोचून ते भरलं नाही. मोत्या जाणार कुठे? जिन्याच्या पायऱ्या त्याला उतरवत नव्हत्या आणि लिफ्टचं दार मी उघडल्याशिवाय उघडत नव्हतं. त्याचं मरण आम्ही औषधांनी आणि सलाईनने महिनोन्महिने अडवून धरलं होतं. ते योग्यच होतं, त्या महिन्यांत तो मजेत होता. पण अडवत होतो तेव्हा 'आपण कोण ठरवणार' असं एकदाही कुणी म्हणालं नव्हतं. सोडायची वेळ आली तेव्हाच आपण कुणीच नाही, हे मला पटेना.

घरात मतं सारखी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "त्याचे भोग त्याला भोगून संपवू दे. मधेच तोडलेस तर उरलेले घेऊन पुन्हा जन्माला यावं लागेल बिचाऱ्याला." त्यांना मी उलट उत्तर दिलं नाही. रात्री मोत्या कण्हायला लागला की जपमाळ घेऊन उठून बसायच्या त्याच.

हे इतिहासाचे शिक्षक होते. त्यांनी मला साबरमती आश्रमातल्या वासराची गोष्ट सांगितली. १९२८ साली तिथलं एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत पडलं होतं. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली, विरोध ऐकून घेतला, आणि शेवटी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याचा जीव सोडवला. त्यावरून लोक खवळले, रागाची पत्रं आली, आणि त्यांनी 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'मधून आपली बाजू लिहून मांडली. ते ऐकून माझा प्रश्न सुटला नाही. पण अहिंसेसाठी आयुष्य दिलेल्या माणसालाही हा निर्णय चारचौघांना विचारून, लोकांचा राग पत्करून घ्यावा लागला, एवढं ध्यानात आलं.

माणसांचं पाहिलं तर केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने इच्छामरणाच्या प्रश्नाचा ऊहापोह केला, आणि २०१८ च्या निकालाने माणसाला आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याची सोय दिली. बाबांनी तर लिहिण्याची वाटही पाहिली नाही, "मला नळ्या लावून ठेवू नका" असं आम्हा दोघांना बजावून ठेवलं होतं. मोत्या कुणाला बजावणार? 'तो स्वतःच सांगेल' या वाक्याचा मला खरा त्रास इथे व्हायचा. ठरवण्याचं ओझं आपल्याला पेलत नाही म्हणून आपण ते त्या मुक्या जिवाच्या डोळ्यांवर टाकतो.

शेवटी मॅडमना सरळ विचारलं, "तुमचा स्वतःचा असता तर काय केलं असतंत?" त्या म्हणाल्या, "काकू, तारीख मी सांगणार नाही. बघायचं कसं, ते सांगते." आणि त्यांनी सांगितलं. कुत्रं दुखतंय म्हणून ओरडेलच असं नाही. नुसतं पडलेलं असताना धापा टाकतं, सारखं ओठ चाटतं, जागा बदलत राहतं, कुशीवर आडवं न होता कोपरं टेकून ताठ बसून राहतं. आपली दुखण्याची गोळी मात्र त्याला कधीही द्यायची नाही, मूत्रपिंडं आणखी बिघडतात. पहाटे तीन वाजता मी दिवा न लावता मोत्याकडे बघत बसले. तो कोपरं टेकून बसला होता, डोळे मिटत होते, मान खाली झुकायची आणि तो पुन्हा दचकून ताठ व्हायचा. आडवं व्हायला त्याला जमत नव्हतं. इतके दिवस मी त्याचे डोळे वाचायला बघत होते. त्याची कोपरं वाचणं सोपं होतं.

मॅडमनी एक तक्ताही दिला. अॅलिस व्हिलालोबॉस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी तो २००४ साली मांडला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. आम्ही दोघांनी वेगवेगळे गुण दिले आणि कागद शेजारी ठेवले. ह्यांची बेरीज ३५ च्या वर, माझी बरीच खाली. दोघंही प्रामाणिक होतो. हे त्याला सकाळी, सलाईन झाल्यावर बघत, मी रात्री. तेव्हापासून आम्ही पाळी बदलली. दोन रात्री ह्यांनी काढल्या आणि दुसऱ्या सकाळी स्वतःहून कागद मागून घेतला.

मॅडमनी सांगितलं म्हणून मी कालनिर्णयवर खुणा करायला लागले. चांगल्या दिवसाला टिंब, वाईटाला फुली. चांगला म्हणजे काय, तेही आधीच ठरवलं होतं. स्वतःहून काही खाल्लं, दूधवाल्याची चाहूल लागल्यावर शेपटी हलवली, खाली नारळाच्या झाडाशी जाऊन हुंगून आला, यातलं काही तरी घडायला हवं. संकष्टी आणि एकादशीच्या मधे मधे टिंबं होती. मग ती विरळ झाली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नुसत्या फुल्या.

आम्ही दिवस ठरवला. आणि त्याच संध्याकाळी मोत्याने उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग खाल्ला. सगळा. दूधवाला आला तर शेपटी दोनदा आपटली. हे म्हणाले, "थांबू या का?" मला हुंदका फुटला. मॅडमना फोन लावला. त्यांनी रागावून नाही, पण स्पष्ट सांगितलं. उलटीच्या इंजेक्शनाने मळमळ दबते आणि सलाईनने रक्तातलं विष थोडं पातळ होतं, म्हणून तरतरी येते; मूत्रपिंड सुधारलेलं नसतं. ठरलेला दिवस पुढे ढकलता येईल, पण मग तो दिवस बहुधा रात्री दोन वाजता, फिट येत असताना, कुणीही डॉक्टर मिळत नसताना येतो. आम्ही दिवस बदलला नाही.

दादा रात्रीच्या गाडीने आला. काही बोलला नाही, चहाही घेतला नाही, घोंगडीवर मोत्याशेजारी बसून राहिला. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत. मॅडमनी संमतीपत्रावर सही घेतली आणि पुढे काय काय होईल ते सगळं आधी सांगितलं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं. मग पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डोळे मिटणार नाहीत. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटेल, लघवी होईल, पण तेव्हा त्याला काही जाणवत नसतं. हे आधी कळलं म्हणून मी तिथे बसू शकले. गुंगी चढली तसा मोत्या कुशीवर आडवा झाला. कित्येक रात्रींनी तो नीट आडवा झाला होता. दादाचा हात त्याच्या फाटक्या कानावर होता, माझा छातीवर. छाती माझ्या हाताखाली थांबली.

महापालिकेने मालाडला २०२३ मध्ये लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली आहे. तिथे त्याला नेलं, घोंगडीसकट.

आम्ही घाई केली का, असं मला अजूनही विचारतात, आणि रात्री कधी मीच मला विचारते. त्याला आणखी काही दिवस मिळाले असते, हे खरं आहे. ते दिवस फुलीचे असते, हेही खरं आहे. हे दोन्ही माहीत असताना आम्ही ठरवलं, आणि पुन्हा ठरवावं लागलं तर हेच ठरवेन.

तुमच्या घरी म्हातारं कुत्रं असेल तर एवढं करा. वर्षातून दोनदा त्याचं रक्त तपासून घ्या. आणि ते अजून शेपटी हलवत जेवतंय तेव्हाच डॉक्टरांना विचारून ठेवा: दुखणं वाढलं तर घरी याल का, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, नंतर न्यायचं कुठे. हे नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आणि तो दिवस आलाच तर, कितीही जड गेलं तरी, खोलीबाहेर जाऊ नका.